वृत्तपत्रे डिजिटल झाली. त्यांच्या फायली कोण जपणार?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तसमूह डिजिटल तंत्रज्ञानाशी कसे जुळवून घेत आहेत, या विषयावरचे लेख आणि परिसंवाद बहुतेक वेळा जाहिरातींचे घटते उत्पन्न, कागदाचे भाव, यूट्यूबवरचे प्रेक्षक आणि गुगलची मक्तेदारी यांच्याभोवती फिरतात. हे प्रश्न खरे आहेत आणि ते मला नाकारायचे नाहीत. पण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून नोकरीची सगळी वर्षे गेल्यामुळे या स्थित्यंतराची एक बाजू मला रोज दिसत आली, आणि तिच्याविषयी वृत्तपत्रांचे चालक, पत्रकार किंवा वाचक फारसे बोलताना आढळत नाहीत. छापील अंक बातमी देत असे आणि त्याच वेळी, कोणी मुद्दाम काही न करता, त्या दिवसाची नोंद होऊन राहत असे. डिजिटल आवृत्त्या काढताना आपल्या वृत्तसमूहांनी बातमी देण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढवला. नोंद राखण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवले नाही.

ग्रंथालयात ही नोंद कशी तयार होते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. सकाळी विक्रेता अंक टाकून जातो, त्यांवर ग्रंथालयाचा शिक्का बसतो, मग ते मुक्तद्वार वाचनालयाच्या उतरत्या फळ्यांवर लागतात. संध्याकाळी कडा दुमडलेले, क्वचित शब्दकोड्याचा कोपरा फाडून नेलेले अंक परत येतात, तारखेप्रमाणे लागतात आणि महिना भरला की बाइंडरकडे जातात. अनुदानाच्या वर्गवारीप्रमाणे आम्हाला किती दैनिके घ्यायची हे ठरलेले असते. त्यांतली सगळी जपणे जागेअभावी शक्य नसते, म्हणून दोन-तीन दैनिकांच्या फायली ठेवायच्या आणि बाकीची रद्दीत द्यायची, असा बहुतेक ग्रंथालयांचा रिवाज आहे. या कामाला कोणी फारशी किंमत देत नाही. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, त्या आठवड्याचे अंक मागायला आजही माणसे येतात. एखाद्याला आजोळच्या गावाचे नाव पडझडीच्या यादीत आहे का ते पाहायचे असते, एखादी विद्यार्थिनी प्रबंधासाठी मदतकार्याच्या बातम्या उतरवून घेते, तर एखाद्या वृद्ध गृहस्थांना फक्त तो अंक एकदा हातात धरायचा असतो. कागद पिवळा पडला आहे, घडीवर तुकडे पडतात, पण त्या दिवशी जे छापले ते तसेच आहे आणि ज्याला वाचता येते त्याला ते वाचता येते.

आता त्याच्या शेजारी ऑगस्ट २०१९ चा महापूर ठेवून पाहा. कराडपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत पाणी भरले होते, अनेक गावांत छापील अंक पोहोचतच नव्हता आणि लोकांनी त्या दिवसांच्या बातम्या मोबाइलवर घेतल्या. सर्वच मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी तेव्हा मोठे काम केले. दर काही मिनिटांनी ताजी माहिती येत होती, गावातून थेट चित्रफिती दाखवल्या जात होत्या आणि धरणांतून होणाऱ्या विसर्गाचे आकडे तासातासाला बदलत होते. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली तेव्हाची पहिली माहिती बहुतेकांना तशीच मिळाली. मला त्या कामाचे कौतुकच आहे. पण त्यांतले नेमके काय आज, त्या दिवशी जसे होते तसे, काढून दाखवता येईल? मी काही जुने दुवे जपून ठेवले होते. त्यांतले काही उघडले की थेट मुखपृष्ठ येते, काहींवर पान सापडत नसल्याचा संदेश दिसतो, काहींत मजकूर आहे पण छायाचित्रांच्या जागी रिकामे चौकोन आहेत. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे आढळले. तो अभ्यास मराठी संकेतस्थळांचा नाही, पण आपल्याकडची स्थिती त्याहून बरी असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाची आवड असणाऱ्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आमच्याकडे जुन्या फायली मागायला सर्वांत जास्त कोण येत असेल, तर ते वकील आणि त्यांच्याबरोबर आलेले शेतकरी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या १९५६ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. बँकेने थकीत कर्जापोटी मालमत्तेचा ताबा घेतला तर त्याची नोटीस दोन दैनिकांत, त्यांतल्या एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, द्यावी लागते. जमिनीच्या खरेदीपूर्वी हरकती मागवणाऱ्या जाहीर नोटिसा तर रोज निघतात. म्हणजे ‘तुला कळवले होते’ असे कायदा ज्याच्या आधारे एखाद्या माणसाला म्हणतो, ती गोष्ट म्हणजे वृत्तपत्राचे एक पान आहे. नोटीस निघाली होती का, कोणत्या तारखेला निघाली, गट नंबर कोणता छापला होता, हे पाहण्यासाठी माणूस एसटीने ग्रंथालयात येतो, कारण गावात दुसरीकडे ते पान मिळत नाही. उद्या ग्रंथालयात फाइल नसेल आणि संबंधित वृत्तपत्राच्या ई-पेपरवर मागचे मोजकेच दिवस दिसत असतील, तर त्याने कोणाकडे जायचे?

कागदाच्या बाबतीत निदान कायद्याने थोडी काळजी घेतली होती. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य नेमून दिलेल्या ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले आणि १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रेही आली. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय. पण अंक निघाला की त्याची एक प्रत प्रकाशकाच्या हाताबाहेर, सार्वजनिक जागी जाऊन पडावी, हे तत्त्व मान्य झाले होते. शिवाय प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असलेली ओळ असते, त्यामुळे अंकाची जबाबदारी कोणाची हे अंकावरच लिहिलेले असते. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, नोंदणीची प्रक्रिया ऑनलाइन झाली, पण तो छापील नियतकालिकांपुरताच आहे. संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली बातमी कोठे जमा व्हावी, याबद्दल आपल्याकडे काहीच ठरलेले नाही.

याचे गांभीर्य मला पहिल्यांदा जाणवले ते २०२० मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, मुंबईत काही दिवस छपाईच थांबली, इतर ठिकाणी विक्रेत्यांची साखळी तुटली. १८ एप्रिलला राज्य सरकारने वृत्तपत्रे छापायला हरकत नाही पण घरोघरी टाकायची नाहीत, असा आदेश काढला, त्यावर टीका झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठांपुढे गेले आणि काही दिवसांत तो आदेश बऱ्याच प्रमाणात मागे घ्यावा लागला. या काळात अनेक वृत्तपत्रांनी अंक सिद्ध केला, पण तो पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवरूनच लोकांपर्यंत गेला. आमचे ग्रंथालय बंद होते. उघडल्यावर फायली लावायला बसलो तेव्हा त्या आठवड्यांच्या जागी काहीच नव्हते. शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येते तशी साथ, आणि तिच्या ऐन सुरुवातीच्या दिवसांचे अंक तालुक्याच्या फाइलमध्ये नाहीत. ते अंक अस्तित्वात आहेत, पण ते वृत्तपत्रांच्या सर्व्हरवर आहेत किंवा कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये आहेत.

त्या पीडीएफच्या प्रकाराबद्दल वृत्तसमूहांची तक्रार मला समजते. अंक तयार करायला पैसे लागतात आणि तो पहाटे पाच वाजता शेकडो गटांत फुकट फिरू लागला तर वर्गणी कोण भरणार? ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांनी टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मे २०२० मध्ये त्यांच्या ई-पेपरच्या प्रती पसरवणाऱ्या चॅनेलांवर कारवाई करण्याचा आदेश मिळाला, हेही योग्यच झाले. पण माझ्या पाहण्यात आलेली विसंगती अशी, की ज्या सद्गृहस्थांनी आपल्या फोनमध्ये रोजचा पीडीएफ बेकायदा साठवला, त्यांच्याकडे तो आजही सापडतो आणि ज्या ग्रंथालयाला तो रीतसर विकत घेऊन ठेवायचा होता, त्याला तो मिळत नाही. एका मोठ्या वृत्तसमूहाकडे मी संस्थेच्या नावाने ई-पेपरची वर्गणी भरण्याबाबत विचारणा केली होती. वर्गणी एका व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर घेता येईल, एका वेळी एकाच उपकरणावर अंक उघडेल आणि मागचे अंक ठरावीक मुदतीपर्यंतच दिसतील, असे उत्तर मिळाले. मुक्तद्वार वाचनालयात पन्नास माणसे बसतात. त्यांनी ग्रंथपालाचा फोन आळीपाळीने वाचायचा काय? छापील अंकाची एक प्रत घेतली की ती किती जणांनी वाचावी आणि किती वर्षे ठेवावी यावर प्रकाशकाचा काही हक्क नव्हता. ई-पेपरमध्ये आपण अंक विकत घेत नाही, तो पाहण्याची तात्पुरती मुभा घेतो, हा बदल फार मोठा आहे आणि तो कोणत्याही चर्चेशिवाय झाला.

जो मजकूर साठवला गेला आहे त्याची अवस्थाही पाहण्यासारखी आहे. मराठी वृत्तपत्रे संगणकावर जुळू लागली ती युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात एकाच ठरलेल्या पद्धतीने साठवण्याचे मानक) वापरात येण्याच्या बऱ्याच आधी, आणि श्री-लिपी किंवा आयएसएम यांसारख्या प्रणाल्यांतील फाँट वापरून. प्रत्येक फाँटची अक्षरे साठवण्याची पद्धत निराळी. सुरुवातीच्या संकेतस्थळांवर तर वाचण्यापूर्वी त्या त्या दैनिकाचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे अनेकांना आठवत असेल. पुढे संकेतस्थळे युनिकोडवर आली, पण पाने लावण्याची कामे कितीतरी ठिकाणी जुन्याच फाँटवर चालू राहिली. परिणाम असा, की ई-पेपरच्या पानावर डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे डकवली तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची खिचडी मिळते. रूपांतर करून घेतले तरी र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे फुटतात. वाचणारा माणूस अंदाजाने वाचून घेतो. संगणकाला अंदाज नसतो. ‘निवडणूक’ हा शब्द शोधावा तर यंत्राच्या लेखी तिथे आधी वेलांटी आणि मग ‘न’ आहे, म्हणून त्याला तो शब्द सापडत नाही. अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना ‘सगळे ऑनलाइन आहे’ असे सांगितले जाते आणि ती मुले शेवटी बांधलेल्या फायलीतून कात्रणे उतरवताना दिसतात, त्यामागे एक कारण हेही आहे. वृत्तसमूहांनी कॅमेरे, स्टुडिओ, समाजमाध्यमांचे चमू यांवर जो खर्च केला, त्यातला थोडा जरी आपल्याच जुन्या मजकुराच्या नीट रूपांतरावर केला असता, तर आज मराठीत शोधता येण्याजोगा वीस-पंचवीस वर्षांचा साठा उभा राहिला असता.

याहून गंभीर बाब म्हणजे प्रसिद्ध झालेला मजकूर गुपचूप बदलणे. छापील अंकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी किंवा खुलासा छापावा लागे. तो अनेकदा आतल्या पानाच्या तळाशी, भिंगाने शोधावा अशा टायपात असे, हे खरे. पण चूक आणि दुरुस्ती दोन्ही फाइलमध्ये राहत. संकेतस्थळावर चूक झाली की ती पुसली जाते. आमच्या भागातील एका पतसंस्थेबद्दल मध्यंतरी एका संकेतस्थळावर बातमी आली, तिच्या मथळ्यात संचालकांवर गुन्हा दाखल झाल्याचे म्हटले होते. दुपारनंतर त्याच दुव्यावर ‘चौकशीची मागणी’ असा मथळा होता, आतले दोन परिच्छेद गेले होते आणि बदल केल्याची ओळ कोठेच नव्हती. वाचनालयात दोन ठेवीदारांची जुंपली. एक म्हणे गुन्हा दाखल झाला, मी वाचले. दुसरा म्हणे असे काही नाही, हा बघ फोन. दोघेही खरे बोलत होते. पहिल्या गृहस्थांच्या घरी त्या दिवशी ठेव मोडण्याची घाई झाली असेल, दुसऱ्यांच्या घरी निश्चिंती असेल. कोणती माहिती बरोबर होती हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ते वृत्तपत्रही सांगत नाही. सकाळची बातमी दबावाखाली बदलली की चूक लक्षात आल्यावर, हे वाचकाला कळायला मार्गच नाही. आणि संशय घ्यायला जागा ठेवली की वाचक वाईट तेच धरून चालतो.

१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील १२ मे आणि ९ जूनच्या अग्रलेखांबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. लेखांच्या अर्थावर न्यायालयात दिवसचे दिवस वाद झाला, पण काय छापले होते यावर वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. अंक सर्वांसमोर होता. शब्द मागे घ्यायची सोय नव्हती, म्हणून शब्द तोलून लिहिले जात आणि लिहिलेल्या शब्दाची किंमत मोजली जाई. आजच्या एखाद्या बातमीवरून वाद झाला तर निम्मा वेळ मूळ मजकूर काय होता हे ठरवण्यातच जाईल, आणि पुरावा म्हणून पुढे येतील ती कोणी तरी काढलेली स्क्रीनशॉटची छायाचित्रे, जी बनवणे आता शाळकरी मुलांनाही जमते.

हे टाळणे अवघड नाही. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी तपासणारा ‘वाचकांचा संपादक’ नेमून दुरुस्त्यांचा रोजचा स्तंभ सुरू केला. आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६ मध्ये तसे पद निर्माण केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीत बदल झाला तर काय चुकले होते आणि केव्हा दुरुस्त केले, हे बातमीखाली लिहिलेले असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी डिजिटल वृत्त प्रकाशकांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला आणि १५ दिवसांत तक्रारीवर निर्णय द्यायला सांगितले. त्यांतल्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. ती स्थगिती मला योग्य वाटते, कारण त्या रचनेच्या वरच्या टोकाला सरकारच बसले होते. पण सरकारने डोकावू नये असे म्हणायचे तर वृत्तपत्रांनी आपले घर स्वतः नीट ठेवायला हवे. मजकूर बदलला की खाली दोन ओळी लिहायच्या, पहिल्या प्रसिद्धीची तारीख आणि वेळ कायम ठेवायची, एवढ्याला कोणतेही महागडे तंत्रज्ञान लागत नाही. सध्या बहुतेक बातम्यांवर फक्त शेवटच्या बदलाची वेळ दिसते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची बातमी कालची म्हणून पुन्हा फिरते आणि ती खरी मानून लोक वाचनालयात येऊन विचारतातही.

जाता जाता मथळ्यांविषयी. ‘राज्यातील या जिल्ह्यात मुसळधार’, ‘या तारखेपासून नवा नियम, जाणून घ्या’ असे मथळे लिहिणाऱ्यांची अडचण मी समजू शकते. वाचकाने दुवा उघडला नाही तर जाहिरातीचे पैसे नाहीत. पण ज्या मथळ्यात स्थळ नाही, तारीख नाही, माणसाचे नाव नाही, त्याची नोंद सूचीत कशी करायची? उद्याच्या अभ्यासकाला आजच्या वृत्तपत्रातून ‘या जिल्ह्यात’ काय झाले एवढेच कळणार असेल, तर वार्ताहराने पावसात जाऊन आणलेली बातमी वाया गेली म्हणायची.

आता पैशांबद्दल, कारण कोणतीही सूचना केली की व्यवस्थापनाकडून तोच प्रश्न येतो. जुलै २०१९ मध्ये आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसले, ते पुढच्या फेब्रुवारीत ५ टक्क्यांवर आले. लगेच साथ आली आणि जाहिराती आटल्या. गुगलने जाहिरातींच्या उत्पन्नाची वाटणी अन्यायाने केल्याची डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेची तक्रार स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीला घेतली. ओढाताण खरी आहे. पण ज्यांनी डिजिटल माध्यमात वर्गणीवर तग धरला त्यांनी काय विकले, तेही पाहावे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये संकेतस्थळासाठी पैसे आकारायला सुरुवात केली आणि आज त्याचे वर्गणीदार एक कोटीच्या पुढे गेले आहेत. त्यांत शब्दखेळांचा आणि पाककृतींचा वाटा आहे, हे मान्य. पण वर्गणीदाराला १८५१ पासूनचे अंक जसेच्या तसे, पानेच्या पाने उलटून पाहता येतात, हेही त्या वर्गणीतच येते. जुने अंक हा त्यांच्यासाठी अडगळीचा खर्च नाही, तो माल आहे. आपल्याकडे १८८१ चा ‘केसरी’ आहे, १९३२ चा ‘सकाळ’ आहे, १९४८ चा ‘लोकसत्ता’ आहे, १९६२ चा ‘महाराष्ट्र टाइम्स’ आहे, गोव्यात आणि बेळगावात दीर्घकाळ चाललेली दैनिके आहेत. परदेशात स्थायिक झालेली मराठी माणसे आपल्या गावाच्या आणि घराण्याच्या जुन्या उल्लेखांसाठी पैसे मोजायला तयार असतात; आमच्या छोट्या ग्रंथालयालाही त्यांचे ईमेल येत असत आणि आम्ही फाइलच्या पानाचा फोनवर फोटो काढून पाठवत असू.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी या जुन्या मजकुराचा भाव अलीकडे वेगळ्याच प्रकारे दाखवून दिला आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर दावा लावला तो आपले लाखो लेख परवानगीशिवाय वापरल्याबद्दल, एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध तसाच वाद मांडला. निकाल काहीही लागोत, संपादकीय हात फिरलेल्या, तारीखवार लावलेल्या मजकुराला मागणी आहे आणि मराठीत असा मजकूर थोडा आहे, एवढे निश्चित. ज्या वृत्तसमूहाचा साठा शोधता येण्याजोगा असेल तो त्याची किंमत ठरवू शकेल किंवा तो देणार नाही असेही म्हणू शकेल. ज्याचा साठा मोडक्या फाँटमध्ये आणि मेलेल्या दुव्यांत असेल, त्याला दोन्ही पर्याय नाहीत.

इतर देशांनी हा भार फक्त प्रकाशकांवर टाकलेला नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून संकेतस्थळेही ब्रिटिश लायब्ररी आणि इतर नेमलेल्या ग्रंथालयांत कायद्याने जमा होतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ या प्रकल्पात जुनी वृत्तपत्रे कोणालाही मोफत वाचता येतात आणि यंत्राने चुकीची ओळखलेली अक्षरे वाचक स्वतः बसून दुरुस्त करतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे संगणकावर आणली, त्यांत ‘तमिळ मुरसु’ हे तमिळ दैनिकही आहे; म्हणजे भारतीय लिपीतले दैनिक जपता येत नाही असे नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनेही ‘ग्रंथसंजीवनी’द्वारे दुर्मीळ ग्रंथ आणि जुनी वृत्तपत्रे ऑनलाइन आणायला सुरुवात केली. मात्र तिथे जपले जाते ते दूरच्या काळातले. २००० ते २०२५ या काळातील मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे माझ्या माहितीप्रमाणे आपल्याकडच्या कोणत्याही ग्रंथालयाच्या यादीत नाहीत, कारण ती अजून ‘जुनी’ झालेली नाहीत आणि जुनी होईपर्यंत शिल्लक राहणार नाहीत.

दरवर्षी ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले त्या दिवशी, आपण पत्रकार दिन साजरा करतो. ‘दर्पण’ आठ-साडेआठ वर्षे चालून १८४० मध्ये बंद पडले. पत्र बंद पडले तरी अंक उरले, म्हणून त्याबद्दल आपल्याला बोलता येते. गेल्या दशकात बंद झालेल्या कितीतरी मराठी वृत्त-संकेतस्थळांबद्दल, काही वृत्तपत्रांच्या बंद झालेल्या जिल्हा आवृत्त्यांच्या पानांबद्दल, तसे म्हणता येत नाही. ज्या दिवशी संकेतनामाचे (डोमेनचे) नूतनीकरण राहिले त्या दिवशी तिथल्या वार्ताहरांचे सगळे काम दिसेनासे झाले. त्यांतले काही वार्ताहर मानधनाच्या नावाखाली चहापाण्याइतके पैसे घेऊन काम करत होते. त्यांच्याजवळ आता आपल्याच बातमीचे कात्रण दाखवायला नाही. जिल्हा पानाची गोष्ट मुद्दाम काढली, कारण मुंबई-पुण्याच्या बातमीची नोंद दहा ठिकाणी राहते, पण आमच्या तालुक्यातील पाणीयोजनेच्या, यात्रेच्या किंवा साखर कारखान्याच्या सभेच्या बातमीची नोंद त्या एकाच पानावर असते.

म्हणून आपल्या वृत्तपत्रापुरत्या काही विनंत्या करते. ई-पेपरची संस्थात्मक वर्गणी सुरू करावी आणि तीत सर्व जिल्हा आवृत्त्या व मागचे सर्व अंक यावेत. प्रसिद्ध बातमीत बदल केल्यास त्याखाली तशी नोंद करावी. जाहीर नोटिसांची पाने तरी कोणालाही, लॉगइन न करता, तारखेनुसार कायम पाहता यावीत. त्यांचे पैसे जाहिरातदाराने आधीच दिलेले असतात, त्यामुळे त्यात आपले नुकसान नाही. ग्रंथालय संचालनालयानेही अनुदानाच्या निकषांत छापील दैनिकांबरोबर अशा वर्गणीचा खर्च धरावा, यासाठी आपण लिहावे, कारण आमच्या पत्रांपेक्षा आपल्या अग्रलेखाची दखल मंत्रालयात लवकर घेतली जाते.

आणखी एक. मार्चअखेर ते मे २०२० या काळातील आपल्या सातारा आवृत्तीचे जे अंक छापले गेले नाहीत किंवा आमच्यापर्यंत पोहोचले नाहीत, त्यांच्या पीडीएफ आपल्या कार्यालयात असल्यास आमच्या ग्रंथालयाला त्या छापून फाइलला लावायच्या आहेत. मी निवृत्त झाले असले तरी हे काम माझ्याकडेच दिलेले आहे. छपाईचा आणि बांधणीचा खर्च संस्था करील. परवानगी कोणाकडे मागायची आणि त्यासाठी काही शुल्क असल्यास किती, ते कृपया कळवावे.

आपली विश्वासू,

एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा